दारातली अख्खी फरशी

तू नक्की काय काम करतेस, असं पिरंगुटात कुणी विचारलं की मी वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आहेत. कॉम्प्युटरवर, असं म्हटलं की लोक हिंजवडी समजतात आणि पुढचा प्रश्न पगाराचा असतो. घरांची चित्रं काढते, असं म्हटलं की शाळेतली ड्रॉइंगची बाई समजतात. एकदा एका लग्नात वैतागून मी सरळ सांगितलं की मी विटा पाडते. विचारणाऱ्या बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं आणि अम्मीला बाजूला घेऊन विचारलं की पोरीचं घरात काही बिनसलंय का.

खरं तर तेच उत्तर सगळ्यात जवळचं होतं. महाळुंग्याच्या एका ऑफिसात आम्ही दहा-बाराजण अजून उभ्या न राहिलेल्या इमारतींची चित्रं तयार करतो. ती फोटोसारखी दिसली पाहिजेत, नाहीतर फ्लॅट खपत नाहीत. कुणाकडे झाडं, कुणाकडे उजेड, माझ्याकडे विटा आणि फरशा. विटेचा फोटो घेऊन भिंतीवर चिकटवला तर तीच डागाळलेली वीट दर चार फुटांनी पुन्हा तोंड दाखवते, आणि भिंत खोटी आहे हे शेंबडं पोरही ओळखतं. म्हणून मी फोटो वापरत नाही, पाककृती लिहिते. वीट एवढी लांब, सांधा एवढा जाड, रंग इथपासून तिथपर्यंत हलू दे, कडा जरा झिजू देत. शेवटी सीड नावाचा एक आकडा द्यायचा. तो बदलला की सगळी भिंत नव्यानं रचली जाते आणि एकही वीट दुसरीसारखी नसते. याला प्रोसिजरल म्हणतात. आकडा बदलल्यावर आधीच्या विटा कुठे जातात, हे मला अजूनही कळलेलं नाही. ऑफिसात विचारलं तर सगळे हसले, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

अब्बांनी आयुष्यभर फरशी बसवली. पिरंगुट, पौड, भूगाव, अलीकडे मारुंजी. मोठी कामं त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडली, म्हणजे गुडघ्यांनी सोडायला लावली. जुम्म्याच्या नमाजाला ते आता मशिदीत मागच्या खुर्चीवर बसतात, पण कुणाच्या न्हाणीघरातली फुटकी टाइल बदलायची असली की त्यांचे गुडघे बरोबर वाकतात. अम्मी यावरून त्यांना रोज बोलते आणि ते रोज ऐकून घेतात.

एका रविवारी मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते. विटांची एक भिंत ऑफिसातून तीनदा परत आली होती. खोटी दिसते, एवढंच म्हणत होते; काय खोटं आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी धूळ वाढवली, शेवाळ लावलं, कोपरे फोडले. भिंत जितकी म्हातारी केली तितकी जास्त खोटी दिसायला लागली. अब्बा मागे येऊन उभे राहिले. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून मी पडदा मिटणार होते, पण त्यांनी खिडकीच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे अर्ध्या इंचाची विटेची पट्टी लोंबत होती. माझ्या पाककृतीला खिडकी माहीतच नव्हती. खिडकी येईल तिथे वीट कापली जात होती. असली पट्टी लावणाऱ्या गवंड्याला मालक शिडीवरून खाली ओढेल, असं अब्बा म्हणाले. खिडकीशी एकतर अख्खी वीट येणार, नाहीतर अर्धी. माणूस आधी टोकं बघतो आणि मग मधलं रचतो. मी टोकांपासून मोजायला सुरुवात केली आणि भिंत त्याच आठवड्यात पास झाली. शेवाळ काढून टाकलं.

मग फरशीचं काम आलं. मारुंजीकडच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटचा हॉल होता; इमारत उभी राहत आली होती. आर्किटेक्ट बाईंना घरच्यासारखी, पण महाग वाटेल अशी फरशी हवी होती. असली फरशी कशी दिसते हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. मी अकरा प्रकार करून पाठवले, अकराही परत आले. बाराव्या वेळी मी थकून आमच्या पडवीतल्या जमिनीकडे बघत बसले.

आमची पडवी म्हणजे अब्बांच्या कामांचं उरलंसुरलं आहे. काम संपलं की कापून उरलेले तुकडे मालक घेऊन जा म्हणतात. अब्बांनी ते वर्षानुवर्षं पिशवीतून आणले आणि एकेक करून पडवीत बसवले. लाल, करडे, पिवळट, एक चक्क गुलाबी. सगळे तिरके, अर्धे, पाव. दारातली एकच फरशी तेवढी अख्खी आहे, हिरवट करडी, मधूनच पिवळी झाक असलेली. अब्बांचा नियमच तो होता: दारात अख्खी फरशी, तुकडा भिंतीकडे. आत येणाऱ्याचा पहिला पाय तुकड्यावर पडता कामा नये.

मी फोनवर फोटो काढले आणि त्यातले रंग पाककृतीत घातले. मूळ रंग दारातल्या फरशीचा घेतला, कारण तेवढीच पूर्ण होती. बाकीच्यांचे रंग अगदी पुसट, पाण्याचा डाग वाळल्यावर राहतो तसे वरून सोडले. आकडा चार-पाच वेळा बदलला. बाईंनी एका तासात होकार कळवला. महिन्याभरात तो हॉल पौड रस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावर लागला आणि मी बसमधून जाता-येता माझीच पडवी बघायला लागले. आनंद झाला म्हणावं तर झाला. पण ही फरशी आता कुणाची, हा गोंधळ तेव्हापासून डोक्यात शिरला तो शिरलाच.

नंतर जे झालं ते मला आधी सुचायला हवं होतं. चित्र बघून एका नवरा-बायकोनं फ्लॅट घेतला आणि त्यातल्या बाई अडून बसल्या की फरशी हीच पाहिजे. साइटवरचा सुपरवायझर पिरंगुटातल्या टाइल्सच्या दुकानात आला. दुकानदार म्हणाला की असली फरशी ओळखणारा आणि बसवणारा इथे एकच माणूस आहे. त्या संध्याकाळी अब्बा घरी आले ते हातात माझ्या चित्राचा छापील कागद घेऊन. दोन वर्षांनी अख्ख्या घराचं काम मिळालं होतं. त्यांनी कपाटावरून कटर काढला, तेल घातलं, पाणसळ पुसली, रबरी हातोड्यावरची धूळ झटकली. अम्मीनं गुडघ्यांचं नाव काढलं तर म्हणाले, शेवटचं एक करू दे.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ते पाणसळीतला बुडबुडा उजेडात धरून बघत होते आणि गाणं गुणगुणत होते. अब्बांना गुणगुणताना मी किती दिवसांनी ऐकत होते. उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्या दुकानात काहीतरी साधारण सारखं मिळेल, मग सांगायची गरजच पडणार नाही, असंही एक मन म्हणालं. ते मन माझंच होतं, दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

दुकानात काहीच मिळालं नाही, आणि ते मिळालं नाही असं कुणी म्हणालंही नाही. दुकानदार कधी अशी वस्तू नसतेच म्हणत नाही. पिरंगुटातला म्हणाला, कालच संपली. मारुंजीतला म्हणाला, कंपनीनं बंद केली, पण एक पेटी मागच्या गोदामात असेल. तिसऱ्यानं मोरबीच्या कारखान्यातून मागवतो म्हणून नंबर लिहून घेतला. अब्बा रोज स्कूटरवर पायाशी नमुने ठेवून आणायचे, पडवीत मांडायचे, कागद शेजारी धरायचे आणि मान हलवायचे. मी चहाचा कप घेऊन शेजारी उभी असायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त माझं तोंड मीच दाबलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र वेगळंच सुरू झालं. जेवताना अब्बा म्हणाले की ही फरशी दुकानात सापडो न सापडो, त्यांनी स्वतः ती कुठेतरी बसवलेली आहे. हाताखालून गेलेली आहे. फक्त कुठे ते आठवत नाही.

आठवत नाही, हे अब्बांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. ते वही ठेवत नाहीत. कुणाच्या घरात कुठल्या खोलीत कुठली फरशी, कुठल्या कोपऱ्यात भिंत वाकडी होती म्हणून तुकडा तिरका कापला, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. दुसऱ्या दिवसापासून ते जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जायला लागले. पौडला गेले, भूगावला गेले. दार वाजवून म्हणायचे, जरा तुमची फरशी बघू द्या. लोक चहा पाजायचे, आणि अब्बा बसल्या जागेवरून जमीन बघून परत यायचे. त्यातली निम्मी घरं मालकांनी विकली होती किंवा भाड्यानं दिली होती. नवीन राहणाऱ्यांना हा म्हातारा काय विचारतोय तेच कळेना.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर आले. अब्बा आत स्वयंपाकघरात अम्मीपाशी बसले होते. मी चपला काढत होते, तेवढ्यात त्यांचा आवाज ऐकू आला.

"खरं सांग. माझं दादांवानी व्हाया लागलंय का?"

दादा म्हणजे माझे आजोबा. शेवटच्या वर्षात ते पिरंगुटच्या बाजारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःचं घर कुठं आहे ते विचारायचे. त्यांना हाताला धरून आणायला अब्बाच जायचे.  अम्मी कणीक मळत राहिली.

 एक चित्र काढलं आणि त्यापायी माझा बाप स्वतःला वेडा समजायला लागला, एवढं मला कळलं. बाकी काहीच कळत नव्हतं. मी तशीच आत गेले, लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. अब्बांचा विश्वास बसेना. मी फाइल उघडली. हॉलची फरशी पडद्यावर आली. मी आकडा बदलला, फरशी बदलली. पुन्हा बदलला, पुन्हा बदलली. अब्बा कागद आणि पडदा आळीपाळीनं बघत होते.

"म्हंजी ही कुटंच न्हाई?"

नाही, मी म्हणाले. कुठल्याच दुकानात नाही, कुठल्याच घरात नाही.

"मग मला का आटवती?"

मी सांगितलं की रंग आपल्या पडवीतले आहेत, तुम्ही आणलेल्या तुकड्यांचे. म्हणून ओळखीचे वाटले असतील.  अब्बा ओरडले असते तर बरं झालं असतं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उठताना एवढंच म्हणाले,

"आठ दिस तू बघत व्हतीस."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या दिवशी ते मला जेवायला वाढ म्हणाले नाहीत, अम्मीला म्हणाले.

सकाळी ते एकटेच साइटवर गेले आणि सुपरवायझरसमोर त्या नवरा-बायकोला सांगून टाकलं की ही फरशी जगात नाही, माझ्या मुलीनं ती कॉम्प्युटरवर केलेली आहे. सुपरवायझरनं कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं दाखवलं की चित्र केवळ कल्पनेसाठी आहे. बाई आधी चिडल्या, मग म्हणे हसल्या, आणि अब्बांना म्हणाल्या की मग तुम्हीच एक निवडून द्या. हे सगळं मला अम्मीकडून कळलं. अब्बा माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

एका शनिवारी मी न सांगता तिथे गेले. त्यांनी साधी करडी फरशी निवडली होती. कारखान्याची फरशी दिसायला वेगवेगळी असते, पण एका पेटीत नक्षीची पाच-सहाच तोंडं असतात, तीच फिरून फिरून येतात. अब्बांनी सगळ्या पेट्या फोडून फरशा हॉलभर कोरड्याच मांडल्या होत्या. ते दाराशी उभे राहून बघायचे, मग गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि दोन फरशांची अदलाबदल करायचे. पुन्हा दाराशी. एकदा त्यांनी एकच फरशी उलटी फिरवली आणि सगळा हॉल शांत झाला. मी हे काम आकड्यावर सोडते आणि आकडा काय करतो ते मला माहीत नाही. अब्बा काय करत होते तेही मला सांगता येणार नाही. मी तिथे उभी राहून दोन्ही गोष्टी जुळवायचा प्रयत्न केला, जुळल्या नाहीत. त्यांनी मला बघितलं आणि पाण्याची बाटली मागितली. तेवढंच, पण मला बरं वाटलं.

काम संपलं. नेहमीप्रमाणे उरलेलं घरी आलं, पण या वेळी पिशवीत तुकड्यांबरोबर एक अख्खी फरशीही होती. पडवीत जागा कुठेच उरली नव्हती. दारातल्या फरशीचा कोपरा मात्र मध्यंतरी गॅसची टाकी आपटून उडाला होता. अब्बांनी ठरवलं की ती काढून तिथे ही बसवायची. रविवारी सकाळी ते छिन्नी-हातोडा घेऊन बसले. मी पाण्याची बादली घेऊन शेजारी होते.

छिन्नी लावायच्या आधी त्यांनी पडवीवर एक नजर फिरवली आणि बोट दाखवत म्हणायला लागले. ही लाल पौडच्या मास्तरांची. ही भूगावच्या दवाखान्याची. ही गुलाबी, त्या बाईनं नवऱ्याशी भांडून आणलेली. ते मला सांगत नव्हते, स्वतःला विचारत होते. मी खरं सांगितलं तरी त्यांची भीती गेलेली नव्हती, ती तशीच बसून होती. मला ते तेव्हा कळलं. एकेक तुकडा करत त्यांचं बोट दाराशी आलं आणि थांबलं.

"ही कुणाची?"

मला माहीत नव्हतं. मी जन्मले तेव्हापासून ती तिथेच होती. अब्बांनी तळव्यानं ती पुसली, ओलं फडकं फिरवलं, पिवळी झाक वर आली. त्यांचे ओठ हलत होते, घरांची नावं घेत होते. एकही नाव पुढे येईना. कपाळावर घाम आला. छिन्नी हातातच होती. मी अम्मीला हाक मारली.

अम्मी पदराला हात पुसत दारात आली, कुठल्या फरशीबद्दल चाललंय ते बघितलं, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली,

"ती उरलेली न्हाई. घर बांधलं तवा दारात तुकडा नको म्हनून तुमीच एक अख्खी इकत आनलीवती. आपली हाय ती."

अब्बा फरशीकडे बघत राहिले. मग खिशातून घडी घातलेला तो कागद काढला, मऊ पडला होता, आणि फरशीशेजारी धरला. मूळ रंग हिचाच का, असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी हातोड्याच्या दांड्यानं फरशीवर हळूच टकटक केलं, एकदा मधोमध, एकदा फुटक्या कोपऱ्याशी. दोन्हीकडे भरीव आवाज आला.

"तरीच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाच्या घरची असती तर आटवली असती."

छिन्नी पिशवीत गेली. नवी फरशी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली आणि गुडघ्याला हात दे म्हणाले. मी हात दिला.